हेन्री फ्रेंडली : पुराव्याचा आग्रह धरणारे न्यायाधीश

हेन्री जेकब फ्रेंडली यांचा जन्म ३ जुलै १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे झाला. हार्वर्डच्या विधिविद्यालयातील त्यांच्या गुणांची आख्यायिकाच झाली. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांच्या हाताखाली एक वर्ष काम करून ते वकिलीत शिरले आणि सुमारे तीस वर्षे मोठ्या कंपन्यांचेच काम पाहत राहिले. पॅन अमेरिकन या विमान कंपनीचे ते उपाध्यक्षही होते. १९५९ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना न्यूयॉर्क येथील संघराज्य अपील न्यायालयात नेमले, तेव्हा अपंग कामगारांच्या भत्त्याशी त्यांचे नाव जोडले जाईल, असे कोणास वाटले नसावे.

हा भत्ता तेव्हा नवाच होता. १९५६ च्या कायदादुरुस्तीने तो प्रथम पन्नाशी उलटलेल्या कामगारांना लागू झाला. दावा फेटाळला गेल्यास न्यायालयात दाद मागता येई. परंतु सरकारी निष्कर्षाला भरीव पुरावा असेल, तर न्यायालयाने तो बदलू नये, असे कायद्याचे बंधन होते. व्यवहारात अधिकारी ‘हलके, बैठे काम करता येईल’ एवढा शेरा मारून प्रकरण निकालात काढीत.

१९६० मध्ये असाच एक दावा फ्रेंडलींपुढे आला. त्यांनी भत्ता मंजूर केला नाही. पण नकारही टिकू दिला नाही. या माणसाच्याने नेमके कोणते काम होईल आणि तशा माणसाला काम मिळण्याची शक्यता कितपत आहे, या दोन्ही प्रश्नांना पुराव्याचे उत्तर हवे, असे सांगून त्यांनी प्रकरण परत पाठविले. कागदावरची क्षमता त्यांना पुरेशी वाटली नाही. पुढे सुनावण्यांत रोजगाराच्या जाणकारांची साक्ष घेण्याची प्रथा पडली, ती मुख्यतः या निकालामुळे. त्या कामगाराच्या पदरात मात्र अखेर काही पडले नाही. १९६७ साली काँग्रेसने कायदाच बदलला : देशात तसे काम अस्तित्वात असले की पुरे, ते त्याच्या गावाजवळ आहे का, किंवा त्याला कोणी ठेवून घेईल का, हे पाहायचे नाही.

फ्रेंडलींना गरिबांचे कैवारी ठरविणे मात्र चुकीचे होईल. प्रत्येक सरकारी निर्णयाआधी कोर्टासारखी सुनावणी हवी, हा १९७० नंतरचा सूर त्यांना मानवला नाही. सुनावणीचे कोणते अंग कोठे आवश्यक, याचा हिशेब त्यांनी १९७५ च्या एका प्रसिद्ध लेखात मांडला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चालू अपंगत्व भत्ता तोंडी सुनावणीआधी थांबविता येतो, असा निर्णय दिला, तेव्हा त्या लेखाचा आधार घेतला. भत्ता आधी बंद, सुनावणी नंतर. मधले महिने त्या घराने कसे काढावेत, या प्रश्नाला हिशेबात फारच कमी वजन मिळाले, असे मला वाटते.

१९७७ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. आजचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स तरुणपणी त्यांचे साहाय्यक होते. उतारवयात दृष्टी अधू होत गेली. १९८५ साली पत्नी सोफी यांचे निधन झाले. ११ मार्च १९८६ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. शेवटपर्यंत ते न्यायाधीशपदावर होते.