चार्ली टेलर : पहिल्या विमानाचे इंजिन करणारा कारागीर



17 डिसेंबर 1903 ही तारीख सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारली जाते. त्या दिवशी अमेरिकेत किटी हॉक या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ऑर्व्हिल आणि विल्बर या राइट बंधूंनी इंजिनावर चालणारे विमान प्रथम उडवले. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे होते. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण 59 सेकंदांचे आणि 852 फुटांचे झाले. हे उत्तर आपल्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही देईल. पण त्या विमानाचे इंजिन कोणी तयार केले, असा प्रश्न आला तर आपल्यापैकी बहुतेकांना थांबावे लागेल. त्या कारागिराचे नाव चार्ल्स एडवर्ड टेलर. सगळे त्यांना चार्ली म्हणत. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

चार्लीचा जन्म 24 मे 1868 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. पुढे हे कुटुंब नेब्रास्का राज्यात लिंकन या गावी गेले. बाराव्या वर्षी चार्लीची शाळा सुटली आणि तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत निरोप्याचे काम करू लागला. त्याला यंत्रांची ओढ होती, हात चांगला होता. हळूहळू तो यंत्रकामात तयार झाला. लग्नानंतर टेलर कुटुंब ओहायो राज्यातील डेटन शहरात आले. तेथे शेतीची अवजारे करणाऱ्या कारखान्यात टेलर यांनी नोकरी केली, काही काळ स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवले आणि मग डेटन इलेक्ट्रिक कंपनीत काम धरले.

याच शहरात राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. ते सायकली दुरुस्त करत आणि स्वतःही बनवत. दुकानाची इमारत टेलर यांच्या पत्नीच्या काकांची होती, त्यामुळे ओळख होतीच. जून 1901 मध्ये टेलर राइट बंधूंकडे कामाला लागले. आधीच्या नोकरीत तासाला 25 सेंट मिळत होते, इथे 30 सेंट ठरले. दोघे भाऊ ग्लायडरच्या प्रयोगांसाठी किटी हॉकला जात, तेव्हा मागे दुकान सांभाळायला विश्वासू माणूस हवा होता. म्हणजे टेलर आले ते सायकलींसाठी, विमानासाठी नव्हे.

1902 च्या अखेरीस राइट बंधूंचे ग्लायडर चांगले उडू लागले आणि आता इंजिनाची गरज भासली. किमान 8 अश्वशक्तीचे आणि हलके इंजिन त्यांना हवे होते. त्यांनी अनेक मोटार कंपन्यांना पत्रे लिहिली. एकाही कंपनीकडून उपयोगी पडेल असे इंजिन मिळेना. तेव्हा ते दुकानातच तयार करायचे ठरले.

दुकानात साधने किती होती? एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हातातली हत्यारे. टेलर यांनी त्यापूर्वी एका मोटारीच्या इंजिनाची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न तेवढा केला होता, संपूर्ण इंजिन कधीच बांधले नव्हते. सविस्तर नकाशेही नव्हते. तिघे मिळून एखाद्या भागाचे कच्चे चित्र कागदावर काढत आणि टेलर तो कागद कामाच्या टेबलासमोर टाचून काम सुरू करत.

सर्वांत अवघड भाग क्रँकशाफ्टचा. 31 इंच लांब, 6 इंच रुंद आणि दीड इंचाहून थोडी जाड अशी पोलादाची सलग पाटी त्यांनी घेतली. तिच्यावर क्रँकशाफ्टचा आकार आखला. त्या रेषेवर ड्रिलने जवळजवळ भोके पाडली, मधला भाग छिन्नी-हातोड्याने तोडून काढला आणि उरलेला आकार लेथवर फिरवून पक्का केला. तयार क्रँकशाफ्टचे वजन 19 पौंड, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास भरले. ज्यांच्या घरी कोणी टर्नर किंवा फिटर आहे, त्यांनी हे काम किती वेळाचे आणि किती चिकाटीचे ते घरी जरूर विचारावे. इंजिनाचे मुख्य अंग वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे होते, ते डेटनमधल्याच एका फौंड्रीत ओतून घेतले. सुमारे 6 आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन तयार झाले आणि 12 फेब्रुवारी 1903 रोजी ते सुरू झाले.

दुसऱ्याच दिवशी बेअरिंग अडकले आणि इंजिनाचे ओतीव अंग फुटले. पुन्हा ओतकाम करून घ्यावे लागले आणि मे महिन्यात इंजिन पुन्हा चालू झाले. सुरू होताच ते सुमारे 16 अश्वशक्ती देई, तापल्यावर 12 वर येई. गरज 8 ची होती, म्हणजे शिल्लकच उरली.

आता या इंजिनाच्या विजेकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. ठिणगी नाही तर इंजिन नाही. या इंजिनाला आजच्यासारखे स्पार्क प्लग नव्हते. प्रत्येक सिलिंडरच्या आत धातूचे दोन संपर्क होते. ते एकमेकांना टेकत, वीज वाहू लागे आणि नेमक्या क्षणी ते झटक्याने वेगळे होत. वाहती वीज अशी एकदम तोडली की फटीत ठिणगी पडते. अंधारात पंख्याचे बटण बंद करताना आत निळसर चमक दिसते, तिचे कारण हेच.

ही वीज येत असे दोन ठिकाणांहून. इंजिन सुरू करण्यासाठी कोरड्या बॅटऱ्या आणि तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल वापरत. इंजिन फिरू लागले की खटका टाकून वीज मॅग्नेटोवर घेत आणि बॅटऱ्या काढून जमिनीवरच ठेवत. विमानात बॅटरी नव्हतीच, कारण प्रत्येक पौंड मोलाचा होता. मॅग्नेटो म्हणजे कायम चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेले लहानसे जनित्र. ते इंजिनाच्या फ्लायव्हीलला घासून फिरे. सायकलच्या टायरला घासून फिरणारा डायनॅमो आठवा, तसेच. हा मॅग्नेटो टेलर यांच्या जुन्या कंपनीतून, म्हणजे डेटन इलेक्ट्रिकमधून विकत आणला होता आणि खटका हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा पात्याचा होता. जगातल्या पहिल्या विमानाची सगळी विद्युतयंत्रणा एवढीच.

एवढीच असली तरी तिच्यात एक मोठे शहाणपण होते. इंजिन फिरते तोवर मॅग्नेटो फिरतो, मॅग्नेटो फिरतो तोवर ठिणगी पडते. बाहेरून कशाचीही मदत लागत नाही. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटर किक मारताच सुरू होत, त्या याच तत्त्वावर. आजही पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. विमानाची बॅटरी उतरली, दिवे आणि रेडिओ बंद पडले, तरी इंजिन चालूच राहते. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून तपासतो.

राइट बंधूंचे विमान कारखान्यात नव्हे, सायकलच्या दुकानात जन्मले. घरी विमान बांधण्याची ती हौस आजही जगभर जिवंत आहे. 2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांचे विमान ठेवले होते, ते त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. अशा बांधकामात वायरिंगचे काम फार जपून करावे लागते. वायरची टोके शक्यतो डाग न देता दाबून बसवतात, कारण डाग दिलेली तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटू शकते. प्रत्येक वायरला तिच्या ताकदीप्रमाणे फ्यूज लावतात, म्हणजे दोष आला तरी वायर तापून पेटत नाही. मॅग्नेटोच्या बाबतीत तर एक उलटा नियम आहे. घरात वायर तुटली की दिवा बंद होतो. मॅग्नेटो बंद करण्यासाठी मात्र त्याची वायर खटक्यातून इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडावी लागते. ही वायर तुटली तर मॅग्नेटो बंद न होता चालूच राहतो. खटका बंद दाखवतो, पण कोणी सहज पंखा फिरवला तर इंजिन अचानक सुरू होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून उभ्या विमानाचा पंखाही चालू आहे असे समजूनच त्याच्याजवळ जायचे, हा विमानतळावरचा पहिला धडा आहे.

आता पुन्हा टेलर यांच्या आयुष्याकडे. 1903 च्या नोव्हेंबरात किटी हॉकला इंजिनाच्या धक्क्यांनी पंख्यांचे दांडे बिघडले. ते डेटनला पाठवले आणि टेलर यांनी दुरुस्त करून परत धाडले. पुढे दांड्याला पुन्हा तडा गेला, तेव्हा ऑर्व्हिल स्वतः डेटनला येऊन भरीव पोलादाचे नवे दांडे करून घेऊन गेले. ऐतिहासिक उड्डाणाच्या दिवशी टेलर मात्र डेटनमध्येच होते. आपले इंजिन उडताना त्यांनी पाहिले नाही. त्याच दिवशी वाऱ्याने विमान उलटले आणि इंजिनाचे अंग मोडले. त्यांनी छिन्नीने घडवलेला तो क्रँकशाफ्ट 1906 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी दिला होता, तो परत आलाच नाही.

1904 आणि 1905 मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात प्रयोग झाले. तेथील सारी देखभाल टेलर यांच्याकडे होती. 5 ऑक्टोबर 1905 रोजी विल्बर तिथे 39 मिनिटे हवेत राहिले. 17 सप्टेंबर 1908 रोजी फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल यांचे विमान कोसळले आणि लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. विमानाच्या अपघातात झालेला हा पहिला मृत्यू. टेलर यांनी मदतीला धाव घेतली आणि नंतर मोडलेल्या भागांची तपासणी केली. पंख्याच्या पात्याला तडा गेल्याने अपघात झाला होता. 1911 साली कॅल्ब्रेथ रॉजर्स यांनी विमानाने अमेरिका ओलांडली, तेव्हा त्यांच्या मागून जाणाऱ्या खास रेल्वेतून टेलर दुरुस्तीसाठी गेले होते. स्वतः वैमानिक व्हावे अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही.

1912 मध्ये विल्बर वारले. पुढे ऑर्व्हिल यांनी कंपनी विकली. टेलर यांनी काही वर्षांनी कॅलिफोर्नियात जमीन घेतली, पण त्या व्यवहारात पैसा बुडाला. मंदीच्या काळात पत्नीही गेली. ते लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात साधे कामगार म्हणून राबू लागले. शेजारच्या यंत्रावरच्या माणसालाही ठाऊक नव्हते की, हे पहिल्या विमानाचे इंजिन करणारे गृहस्थ आहेत. 1937 मध्ये हेन्री फोर्ड यांनी राइट बंधूंचे दुकान आपल्या संग्रहालयात उभे करायचे ठरवले आणि टेलर यांना शोधून आणले. त्यांनी त्या पहिल्या इंजिनाची प्रतिकृती पुन्हा हाताने तयार केली.

ऑर्व्हिल 30 जानेवारी 1948 रोजी निधन पावले. त्यांनी मृत्युपत्रात टेलर यांना वर्षाला 800 डॉलर ठेवले होते. महागाईत ते पुरेनात. 1955 मध्ये टेलर लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात गरिबांच्या वॉर्डात आढळले. बातमी कळताच विमान उद्योगातील लोकांनी निधी जमवून त्यांना चांगल्या ठिकाणी हलवले. 30 जानेवारी 1956 रोजी, ऑर्व्हिल यांच्याच पुण्यतिथीला, वयाच्या 87 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सन्मान पुष्कळ उशिरा आला. आज अमेरिकेत 50 वर्षे विमानसेवेत राबलेल्या मेकॅनिकना टेलर यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो आणि 24 मे हा त्यांचा जन्मदिवस विमान देखभाल करणाऱ्या कारागिरांचा दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, बाराव्या वर्षी शाळा सोडली तरी चालते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. टेलर यांना शाळा सोडावी लागली. तुम्हाला शाळा मिळाली आहे, तिचा पुरेपूर लाभ घ्या. राइट बंधूंचे गणित आणि टेलर यांचा हात, यांपैकी एकही गोष्ट कमी पडली असती तर ते विमान उडाले नसते.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. बेळगाव हे फौंड्री आणि लेथचे गाव आहे. उद्यमबागेत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कारागीर काम करत आले आहेत आणि जवळच हत्तरगीला विमानांचे सुटे भागही तयार होतात. तरीही दहावीनंतर मुलगा आयटीआयला जातो म्हटले की घरात चेहरे उतरतात. ज्या मुलाचा हात चांगला आहे, त्याला कमी लेखू नये. शाळेतील कार्यानुभवाचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकू नये.

24 मे रोजी शाळेला सुट्टी असते. त्या दिवशी मुलांनी घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या कारागिराबरोबर वर्कशॉपला जावे, त्यांचे काम पाहावे, विचारावे आणि जून महिन्यात आम्हाला एक पानभर लिहून द्यावे. चांगले लेख पुढच्या अंकात घेऊ.