टॉमस टेलफर्ड : एस्क खोऱ्यांतील पाथरवट

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ, एस्क नदीस जेथें आणखी दोन लहान नद्या मिळतात तेथें, लँगहोम नांवाचें एक चिमुकलें गांव आहे. या खोऱ्यांतच वर ग्लेनडिनिंग येथें एका मेंढपाळाच्या घरीं इ. स. १७५७ सालीं टॉमस टेलफर्डचा जन्म झाला. मूल कांहीं महिन्यांचें असतांनाच बाप वारला, व आईनें मोठ्या कष्टानें त्यास वाढविलें. पुढें मुलानें पित्याच्या थडग्यावरील दगड स्वतःच्या हातानें घडविला. आईस हातचें अक्षर लागत नसे, म्हणून मोठ्या हुद्द्यावर चढल्यावरहि तो तिला छापील वळणाचीं अक्षरें काढून पत्रें पाठवी. त्याच्या सर्व पुलांहून आम्हांस ही गोष्ट अधिक आवडते.

लँगहोम येथें तो पाथरवटाचें काम शिकला, आणि तेथील एका सुशिक्षित बाईनें दिलेलीं पुस्तकें वाचून शहाणा झाला. इ. स. १७७८ च्या सुमारास एस्कवर पूल झाला, त्यावर तो मजुरीनें राबला. पुढें एडिंबरो, लंडन व श्रॉपशायर येथें त्याचा उत्कर्ष झाला. वेल्समध्यें डी नदीवरून लोखंडी पन्हळींतून कालवा नेला (१८०५). मेनाई सामुद्रधुनीवर झुलता पूल टांगला (१८२६). उत्तर स्कॉटलंडांतील दुर्गम डोंगरांतून नऊशेंहून अधिक मैल रस्ते काढले. १८३४ सालीं तो वारला, तेव्हां त्यास वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरण्यांत आलें. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेस ज्यांचें नांव मिळालें ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम हेहि याच खोऱ्यांतले, हें आपल्याकडील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मृत्युपत्रानें त्यानें लँगहोमच्या ग्रंथालयास एक हजार पौंड ठेविले. आगगाडी मात्र त्याच्या हयातींत गांवीं आली नाहीं. रिडिंग्ज जंक्शनपासूनचा सुमारें सात मैलांचा फांटा १८६४ सालीं पुरा झाला. गिरण्यांचें लोकरी कापड शंभर वर्षें त्या वाटेनें गेलें. मग मोटारी वाढल्या. १९६४ सालीं उतारूंची व १९६७ सालीं मालाची गाडी बंद पडली, आणि दोन वर्षांनीं कार्लाइलहून एडिंबरोकडे जाणारी मूळ लोहवाटहि बंद झाली. रूळ उखडले गेले. जुन्या गांवाहून नदीपलीकडील वस्तींत जाणारे लोक मात्र, मागाहून रुंद केलेल्या त्याच पुलावरून अजून एस्क ओलांडतात.