संत सेना महाराजांची धोकटी



वारीत आम्ही सगळ्या संतांचं नाव मोठ्यानं घेतो. पण सेना महाराजांचा धंदा सांगताना काहींचा आवाज अजून बारीक होतो. म्हणून ही सेवा.

सेना महाराज न्हावी. बांधवगडच्या राजाच्या पदरी होते असं परंपरा सांगते. धोकटीत वस्तरा, आरसा, चिमटा, वाटी, सहाण. जुना वस्तरा बोथट झाला की टाकायचा नाही. सहाण ओली करायची, पातं आडवं ठेवून दोन्ही अंगं सारखी घासायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. घाईनं पातं उभं धरलं की धार गेली.

एकदा महाराज पूजेत असताना राजाचं बोलावणं आलं. ते उठले नाहीत. राजा कोपला. तेव्हा पांडुरंगानेच धोकटी काखेला मारली आणि राजाची हजामत केली. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसलं. देवाला ज्या कामाची लाज नाही, त्याची आपण का धरावी?

महाराजांनी अभंगात विवेकाला आरसा केलं, वैराग्याला चिमटा. शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही त्यांचं एक पद आहे. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी.

आता नवी मुंबईच्या आमच्या गावांत शेतं गेली, सलूनं आली. वस्तऱ्याचं पान दर गिऱ्हाईकाला नवं. मन मात्र जुनंच राहतं, ते बदलून मिळत नाही. त्याला दरसाल वारीच्या सहाणेवर लावावं लागतं. दिंडीने शंभर वर्षं हेच केलं.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!