पोरं-पोरी एकाच टीममध्ये खेळाव्यात म्हणून या डच मास्तरांनी १९०२ साली नवा खेळच काढला

शाळेतला पीटीचा तास आठवा. एका कोपऱ्यात पोरांचं क्रिकेट, दुसऱ्या कोपऱ्यात पोरींची लंगडी. वर्गात सोबत शिकणारी मंडळी मैदानावर उतरली की वेगळी व्हायची. का, तर दोघांना एकत्र जमेल असा खेळच नाही, हे ठरलेलं उत्तर.

सव्वाशे वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या एका मास्तरांनी या उत्तरावर थेट नवा खेळच काढला. मास्तरांचं नाव निको ब्रुकहाउसन आणि खेळाचं नाव कॉर्फबॉल.

ब्रुकहाउसन यांचा जन्म १८७६ चा. ते आम्स्टरडॅममध्ये शिकवायचे. १९०२ मध्ये ते एका कोर्ससाठी स्वीडनमधल्या नेस इथं गेले. लाकूडकाम आणि हस्तकला शाळेत कशी शिकवायची, याचं ट्रेनिंग घ्यायला तेव्हा देशोदेशीचे शिक्षक नेसला यायचे. सोबत मैदानी खेळही शिकवले जायचे.

तिथं त्यांनी रिंगबोल हा खेळ पाहिला. उंच खांबावर एक रिंग, तिच्यातून बॉल टाकला की पॉईंट. मैदानाचे तीन भाग पाडलेले आणि खेळाडूनं आपला भाग सोडायचा नाही.

आम्स्टरडॅमला परतल्यावर मास्तरांनी हा खेळ आपल्या मुला-मुलींना शिकवला, पण बदल करून. रिंग काढून खांबावर वेताची टोपली लावली, म्हणजे बॉल नेमका आतून गेला की बाजूनं, हे लांबूनही कळतं. टोपलीला डच भाषेत कॉर्फ म्हणतात, त्यावरून नाव पडलं कॉर्फबॉल. टीममध्ये १२ जण, ६ मुलं आणि ६ मुली.

आता तुम्ही म्हणाल, हे तर बास्केटबॉलच झालं. तर तसं नाही.

कॉर्फबॉलमध्ये टोपलीमागं बोर्ड नसतो. बॉल आपटत पळता येत नाही, हातात घेऊनही पळता येत नाही. समोरचा खेळाडू नीट अडवत उभा असेल तर टोपलीत बॉल टाकताच येत नाही, आधी त्याला चुकवून मोकळी जागा शोधावी लागते. मुलाला मुलगाच अडवणार आणि मुलीला मुलगीच. थोडक्यात, एखादा दांडगा पोरगा बॉल घेऊन सुसाट सुटला आणि बाकीचे बघत राहिले, असं होतच नाही. पास दिल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही.

याचा फायदा असा झाला की मुलींना खेळायला घ्या, असं कुणाला समजवावं लागलं नाही. मुलींशिवाय टीमच उभी राहत नव्हती.

पण काळ १९०२ चा. मुलं-मुली एकत्र पळतायत आणि मुलींचे घोटे दिसतायत, हे बघून अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. टीकाही भरपूर झाली. तरीही १९०३ मध्ये या खेळाची डच संघटना उभी राहिली आणि एका शाळेतला खेळ क्लबांपर्यंत पोहोचला.

पुढं १९२० च्या अँटवर्प आणि १९२८ च्या आम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये कॉर्फबॉलचे प्रदर्शनी सामने झाले. यातली गंमत बघा. ऑलिम्पिकमध्ये महिलांना धावण्याच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरू दिलं ते १९२८ मध्येच. मास्तरांच्या मैदानावर मात्र मुली पंचवीस वर्षांपासून मुलांच्या बरोबरीनं खेळत होत्या.

१९३३ मध्ये आंतरराष्ट्रीय फेडरेशन झालं. १९५८ मध्ये ब्रुकहाउसन गेले. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप भरली १९७८ मध्ये, ती काही त्यांना बघायला मिळाली नाही.

आज कॉर्फबॉलच्या टीममध्ये ८ जण असतात, ४ पुरुष आणि ४ महिला. टोपली साडेतीन मीटर उंचीवर असते. दोन गोल झाले की अटॅक करणारे डिफेन्सला जातात आणि डिफेन्सवाले अटॅकला, त्यामुळं मुलींना कायम मागं उभं करायची सोयही राहिलेली नाही. भारताची टीमही आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये खेळली आहे.

कॉर्फबॉल ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ काही झाला नाही. पण एखाद्या शाळेला तो सुरू करायचा असेल तर दोन खांब, दोन टोपल्या आणि एक बॉल एवढंच लागतं. आणि अर्थातच, जेवढी पोरं तेवढ्या पोरी.