अग्रिकोला व मँचेस्टरचा रोमन किल्ला

मँचेस्टरचें नांव ऐकिलें म्हणजे आपणांस कापडाच्या गिरण्या आठवतात. परंतु त्या शहराच्या कॅसलफील्ड नामक भागांत, कालवे व आगगाडीचे पूल यांच्या दाटींत, एका रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. मामुकियम हें त्याचें नांव. इ. स. ७९ च्या सुमारास तो प्रथम माती व लाकूड यांचा बांधिला गेला. दगडी तट मागाहून आला. ज्या सुभेदाराच्या अमदानींत तो उभा राहिला, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

अग्रिकोला याचा जन्म इ. स. ४० मध्यें, हल्लींच्या फ्रान्स देशांतील फ्रेजुस गांवीं झाला. बादशहा कॅलिग्यूला यानें एका गृहस्थावर आरोप करण्याची आज्ञा त्याच्या पित्यास केली. ती त्यानें मानिली नाहीं, म्हणून तो प्राणास मुकला. मातेनें पुत्रास मार्सेल्स येथें उत्तम शिक्षण दिलें. तरुणपणीं तो ब्रिटनमधील सैन्यांत असतां राणी बूडिका हिचें बंड झालें. अधिकाऱ्यांच्या जुलमानें प्रजा कशी पेटते, हें त्यास तेथें दिसलें.

पुढें इ. स. ७७ च्या सुमारास तो त्याच प्रांताचा सुभेदार झाला. कराचें धान्य वसूल करतांना अधिकारी लोकांस कुलूपबंद कोठारांपुढें ताटकळत ठेवीत, त्यांनाच धान्य विकत घ्यावयास लावीत आणि तें आडवाटेनें दूरच्या छावणीस वाहून न्यावयास सांगत. हे प्रकार त्यानें बंद केले. देवळें, चौक व घरें बांधण्यास उत्तेजन दिलें. सरदारांच्या मुलांस विद्या शिकविली.

तथापि त्याची दुसरी बाजू झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. वेल्समधील एका टोळीचा त्यानें जवळजवळ उच्छेद केला. इ. स. ८३ च्या सुमारास स्कॉटलंडांतील ग्राउपियस डोंगराच्या लढाईंत दहा हजार ब्रिटन पडले, असें त्याचा जांवई, इतिहासकार टॅसिटस, लिहितो. जित लोक ज्यास सुधारणा समजत होते तो त्यांच्या दास्याचाच एक भाग होता, हेंही त्यानेंच नमूद केलें आहे. सासऱ्याचें चरित्र लिहितांनाही त्यानें हें लपविलें नाहीं!

विजयानंतर मत्सरी बादशहा डोमिशियन यानें अग्रिकोलास परत बोलाविलें. गाजावाजा टाळण्यासाठीं तो रात्रीं रोम शहरांत शिरला व पुढें खाजगी मनुष्याप्रमाणें राहिला. इ. स. ९३ मध्यें तो वारला.

चेस्टर येथें सांपडलेल्या एका शिशाच्या नळावर त्याचें नांव आजही वाचतां येतें. मँचेस्टरच्या किल्ल्याचा उत्तर दरवाजा इ. स. १९८४ मध्यें जुन्या नमुन्यावर पुन्हां उभारिला गेला. तट ढांसळतात व नवेही बांधतां येतात. परंतु त्यांच्या आंत बसून कोणीं न्याय केला आणि कोणीं जुलूम केला, याचा हिशेब इतिहास ठेवितो. विद्यार्थ्यांनीं जुना दगड पाहतांना हा हिशेबही पाहावा, एवढीच आमची इच्छा आहे.