दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (९ मे १८१४ – १७ ऑक्टोबर १८८२) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरणकार, शिक्षक व धर्मसुधारक होते. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ते ओळखले जातात. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू.

मुंबईत जन्मलेल्या दादोबांनी जावरा संस्थान, एल्फिन्स्टन संस्था व सुरत येथे अध्यापन केले. १८४६ मध्ये ते मुंबईत शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून त्यांची अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे नेमणूक झाली. तेथे भिल्लांचा उठाव शमवण्यातील कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. मात्र त्यांची कीर्ती आधीच्या एका ग्रंथावर उभी आहे.

व्याकरण व शुद्धलेखन

‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा तो ग्रंथ १८३६ मध्ये, दादोबा बावीस वर्षांचे असताना, प्रसिद्ध झाला. त्या काळी दैनंदिन लेखन मोडी लिपीत होई आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. त्यामुळे दिन (दिवस) व दीन (गरीब), सुत (पुत्र) व सूत (धागा) या जोड्या मोडीत सारख्याच दिसत. अर्थ संदर्भावरून लावावा लागे. हिशेबाच्या वहीत त्याने फारसे अडत नसे. शाळांसाठी बाळबोध लिपीत पुस्तके छापली जाऊ लागली, तेव्हा मात्र प्रत्येक शब्दाचे एक रूप ठरवणे भाग पडले आणि त्यासाठी व्याकरणाची गरज निर्माण झाली. पहिल्या आवृत्तीवर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत दादोबांनी ग्रंथ बराच वाढवला. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना दादोबांच्या मतांची कठोर चिकित्सा केली. तरी चर्चेचा पाया दादोबांनीच घातला होता.

जुन्या लेखनपद्धतीत अनुच्चारित अनुस्वारही अर्थभेद दाखवी. नांव म्हणजे अभिधान, नाव म्हणजे होडी. पांच ही संख्या, पाच हे रत्न. तें हे नपुंसकलिंगी एकवचन, तर ते हे पुल्लिंगी अनेकवचन. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार वगळले. लेखन सोपे झाले, पण या जोड्या पुन्हा एकरूप झाल्या. तत्सम शब्दांचा अन्त्य इकारही दीर्घ झाल्याने सूर्यवाचक रवि व ताक घुसळण्याची रवी यांचे लेखन आता एकच आहे. ‘रविवार’ या सामासिक शब्दात मात्र ऱ्हस्व इकार टिकून आहे.

अन्य लेखन

मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांत ते होते. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये संपादित करून प्रकाशात आणले.