दुपट्याची गाठ सोडवणारा रूसो

मैत्रिणींनो, बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्यांना रूसो नक्की आठवत असेल. सामाजिक कराराचा सिद्धान्त, हमखास येणारा प्रश्न! पण तान्ह्या बाळांना आवळून बांधू नका, असं युरोपातल्या आयांना बजावणारा माणूसही हाच, हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

ज्याँ जॅक रूसो १७१२ साली जिनिव्हात जन्मला. वडील घड्याळं बनवायचे. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली, म्हणून आत्याने वाढवलं. सोळाव्या वर्षी घर सोडलं आणि पडेल ते काम करत १७४२ मध्ये तो पॅरिसला आला.

त्या काळी तिकडे बाळाला मानेपासून पायापर्यंत कापडी पट्ट्यांनी गुंडाळत. हातपाय सरळ, हालचाल बंद. आपल्याकडचं दुपटं त्यापुढे मऊच म्हणायचं. शहरातली कितीतरी बाळं खेड्यातल्या दाईकडे दूध प्यायला धाडली जात. दाईला शेतीची, घरची कामं. बांधलेलं बाळ खुंटीला अडकवलं की ती मोकळी!

रूसोने १७६२ च्या ‘एमिल’ या ग्रंथात यावर कडाडून टीका केली. माणूस जन्मतो आणि पहिल्याच दिवशी कैदेत पडतो, हे त्याला सहन होईना. बाळाला सैल कपडे घाला, रांगू द्या, आईनेच दूध पाजा, असा त्याचा आग्रह. विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरांनी १७४८ मध्येच हे सांगितलं होतं, पण गाजला रूसो. मोठ्या घरच्या बायका अभिमानाने स्वतः पाजू लागल्या.

मात्र बांधून झोपायची सवय लागलेलं बाळ मोकळं कसं झोपवायचं, हे काही तो सांगत नाही. कुठून सांगणार? दचकून उठणाऱ्या बाळापाशी तो कधी जागलाच नव्हता. आमच्या महिला मंडळात नव्या आया हेच विचारतात. मी सांगते, घाई नको. आधी एक हात बाहेर ठेवा. तीन-चार रात्रींनी दुसरा. मग दुपटं काढूनच टाका. चार रात्री रड होईल, थोपटत राहा. पण बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं, की त्याच दिवसापासून बांधणं बंद, कारण बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला तोंड वळवता येत नाही, श्वास कोंडतो. झोपवताना नेहमी उताणंच. अंगावर सैल पांघरूण नको, नीट बसणारं झबलं पुरे. आणि दुपट्यात असेपर्यंतही पाय गुडघ्यात दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ आवळले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो.

आता रूसोची दुसरी बाजू. १७४५ पासून तेरेझ लव्हासर ही कपडे धुण्या-शिवण्याचं काम करणारी मुलगी त्याच्यासोबत राहत होती. तिला पाच मुलं झाली. पाचही त्याने पॅरिसच्या अनाथालयात पाठवली. तिथली बहुतेक बाळं वर्षभरही जगत नसत. तेरेझ रडत रडत राजी झाली, तिच्या आईनेही त्याचीच बाजू घेतली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कारणं गरिबीची, अब्रूची. मला ती पटत नाहीत. बाळंतिणीच्या कुशीतून पाच वेळा मूल उचललं गेलं, आणि त्या बाईचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं नाही.

‘एमिल’मधल्या धर्मविषयक मतांमुळे पॅरिस आणि जिनिव्हा दोन्हीकडे पुस्तक जाळलं गेलं. रूसोला पळावं लागलं. १७६४ मध्ये व्हॉल्टेअरने निनावी पत्रक काढून मुलांचं प्रकरण चव्हाट्यावर आणलं. त्याआधी १७६१ मध्ये एका उमरावाच्या पत्नीने थोरल्या मुलाचा शोध घेऊन पाहिला होता. अनाथालयाच्या नोंदींत काहीच सापडलं नाही.

१७६८ मध्ये त्याने तेरेझला पत्नी मानलं. १७७८ मध्ये तो वारला. १७९४ मध्ये त्याचे अवशेष मोठ्या मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. तेरेझ १८०१ पर्यंत जगली, मुलांचा ठावठिकाणा न कळताच.